बाळंतपण की मुक्काम? कोल्हापूरच्या एका जोडप्याच्या सुपर व्हिसाचं प्रकरण

सुपर व्हिसा म्हणजे कॅनडात राहणाऱ्या मुलांकडे आईवडिलांना लांब मुक्कामाला जाता येईल असा व्हिसा. हे प्रकरण सप्टेंबर २०२३ ते जून २०२४ या काळातलं आहे. कागदपत्रं लावून देण्याच्या निमित्तानं मी ते जवळून पाहिलं. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या दोघांना इथं आण्णा आणि काकू म्हणू.

पार्श्वभूमी

आण्णांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, फेटलिंग खात्यात झाली. ओतलेल्या जॉबवरची वाळू झाडायची, कडा घासायच्या, असं ते खातं. निवृत्तीनंतर ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची तुटपुंजी पेन्शन, करवीर तालुक्यात दीड एकर ऊस आणि पाचगावात स्वतःचं घर. वय चौसष्ट, साखर आहे, गोळ्या चालू. काकू साठीच्या. त्यांनी विमान पाहिलेलं ते उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाबाहेरून.

एकुलती एक लेक कॅनडातल्या ऑन्टारिओत. शिकायला गेली, नोकरी लागली, २०२१ मध्ये कायम रहिवासी झाली. जावईही तिथलाच कायम रहिवासी. पहिला मुलगा चार वर्षांचा, आणि दुसऱ्या खेपेची तारीख फेब्रुवारी २०२४ च्या मध्यावर. सप्टेंबरात लेकीनं फोनवर एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. बाळंतपणाला आई हवी, आणि आता तुम्ही दोघं तिकडं एकटं राहू नका, इकडंच या, दोन-तीन वर्षं राहा.

घरात सगळ्यांनी ही एकच गोष्ट म्हणून ऐकली. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला. बाळंतपणाला तारीख असते, मुक्कामाला नसते. दोन्हीला लागणारे कागद वेगळे, त्यांना लागणारा वेळ वेगळा.

अडचण

वरवर पाहता अडचण एवढीच दिसत होती की पाच महिन्यांत दोघांना कॅनडात पोहोचवायचं. पण त्याच महिन्यात भारत आणि कॅनडा यांच्यात बिनसलं. २१ सप्टेंबरला भारतानं कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं, आणि टीव्हीवर दिवसभर 'व्हिसा बंद' ही पट्टी फिरली. आण्णा संध्याकाळी आले ते हाच विषय घेऊन. "आता काय व्हिसा-बिसा मिळत न्हाई म्हणं." बंद झाला होता तो भारताचा, तिकडून इकडं येणाऱ्यांचा. इकडून तिकडं जाणाऱ्यांचा चालूच होता. हे समजावण्यात त्या घरातली एक अख्खी संध्याकाळ गेली.

ऑक्टोबरात मात्र खरोखरच फरक पडला. कॅनडानं आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून परत नेले, आणि मुंबई, बंगळूर, चंदीगड इथल्या वकिलातींतलं प्रत्यक्ष कामकाज थांबवलं. त्यांच्या इमिग्रेशन खात्याचे भारतातले कर्मचारी २७ वरून ५ वर आले. खात्यानं स्वतःच सांगितलं, की भारतातले बहुतेक अर्ज एरवीही भारताबाहेरच तपासले जातात आणि अर्ज घेणारी केंद्रं उघडीच राहतील, पण विलंब होईल. म्हणजे दार बंद नव्हतं, पण किती वेळ लागेल ते कुणीही सांगू शकत नव्हतं. तारीख गाठायची असणाऱ्याला हेच सगळ्यात वाईट.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय साधा व्हिजिटर व्हिसा. यावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. त्यापुढं राहायचं तर तिथूनच मुदतवाढीचा अर्ज करायचा. सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी एरवी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, विम्याचीही अट नाही. फाइल हलकी.

दुसरा सुपर व्हिसा. हा फक्त कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांच्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी. पूर्वी यावर एका प्रवेशात दोन वर्षं राहता यायचं. जुलै २०२२ पासून ती मुदत पाच वर्षं झाली. व्हिसा दहा वर्षांपर्यंत मिळू शकतो आणि ये-जा कितीही वेळा करता येते. पण फाइल जड. मुलीचं निमंत्रणपत्र हवं, तिची ठरावीक किमान मिळकत हवी, नातं सिद्ध करणारा कागद, दोघांची वैद्यकीय तपासणी, आणि निदान एक वर्षाचा, किमान एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षण देणारा आरोग्य विमा.

तिसरा पर्याय लेकीच्या डोक्यात होता, तो म्हणजे आईवडिलांना कायमचं रहिवासी करून घेणं. हा अर्ज मनात आलं म्हणून करता येत नव्हता. २०२३ मध्ये ज्यांना अर्जाचं बोलावणं गेलं ते सगळे २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इच्छा नोंदवलेल्यांच्या यादीतून काढलेले होते. लेक तेव्हा कायम रहिवासीच नव्हती. हा विषय तिथंच मिटला.

चौथा पर्याय एकदाच बोलला गेला. लेक म्हणाली, "आण्णा, आईला तरी आधी पाठवा." काकू एकट्या, साध्या व्हिजिटर व्हिसावर, बाळंतपणापुरत्या. आण्णा नंतर सावकाश. यावर दोघांनीही नकारार्थी मान हलवली, पण कारणं वेगळी होती. काकूंना एकटीनं विमानात बसायची धास्ती. आणि आण्णांना चहासुद्धा करता येत नाही, हे काकूंचं म्हणणं. पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ देऊन तपासायला हवा होता तो हाच.

एजंटचा सल्ला

मधल्या काळात आण्णा शहरातल्या एका एजंटाकडेही जाऊन आले. त्याचा सल्ला झटपट होता. दोघांचा टुरिस्ट म्हणून अर्ज टाकू, 'एक महिना नायगारा वगैरे बघायला' असं लिहू, बाळंतपणाचा उल्लेखच नको. पोहोचल्यावर मुलगी मुदत वाढवून घेईल. फी तेवढी आगाऊ.

मोह पडावा असाच सल्ला, कारण घाई होती. नाकारण्याची दोन कारणं होती. एक, कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन प्रतिनिधी म्हणून काम करायला तिकडच्या कायद्यानं परवानगी लागते. तिथला वकील हवा किंवा त्यांच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या परिषदेचा परवाना असलेला माणूस. तसा तो नव्हता, आणि अर्जावर स्वतःचं नावही घालणार नव्हता. दुसरं कारण जास्त वजनाचं. खोटं कारण लिहिलं आणि ते उघडं पडलं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं. आणि ते उघडं पडायला फार काही लागत नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं काकूंना 'कशाला आलात' एवढं विचारलं असतं तरी काकूंनी पहिल्याच वाक्यात लेकीचा महिना सांगितला असता.

व्हिजिटर व्हिसावर बाळंतपणासाठी जातो म्हणून लिहिण्यात काहीच गैर नाही, ही गोष्ट मात्र या गडबडीत मागं पडली. एजंटवरचा राग त्या व्हिसावरही निघाला.

निर्णय

ऑक्टोबरच्या अखेरीस ठरलं, की दोघांचा सुपर व्हिसा आणि एकत्र अर्ज. जमलं तर बाळंतपणाआधी, नाही तर नंतर. लेकीनं हे 'नाही तर नंतर' मनापासून मान्य केलं होतं असं मला वाटत नाही. पण चार वेळा कागद करण्यापेक्षा एकदाच पक्कं काम करावं, हा आण्णांचा स्वभाव. फाउंड्रीत रिजेक्शन मोजण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस असाच विचार करणार.

एक काम त्यांनी आधीच उरकलं होतं आणि ते फार बरं झालं. आण्णांच्या पासपोर्टचे काही महिनेच उरले होते. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. जुन्याच पासपोर्टवर अर्ज केला असता तर दहा वर्षांचा व्हिसा काही महिन्यांचा झाला असता. कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, तिथं नूतनीकरण झालं. काकूंचा पासपोर्ट २०१८ चा, म्हणजे चालू होता, म्हणून त्याला हात लावला नाही. दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले तर जन्मतारीख दोघांचीही १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

माहेरची नोंद

सुपर व्हिसाला मुलीच्या जन्माचा दाखला लागतो, आईवडिलांची नावं असलेला. लेकीचा जन्म १९८८ चा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद आजरा तालुक्यातल्या काकूंच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत. दाखला आला आणि त्यात आईचं नाव 'बाळाबाई'.

काकूंचं माहेरचं नाव तेच. लग्नात तांदळावर लिहून सासरचं नाव बदललं, ते 'सुमन'. आधार, रेशनकार्ड, पासपोर्ट, सगळीकडे सुमन. पण नात झाल्याची वर्दी द्यायला काकूंचे वडील गेले होते, आणि त्यांच्या दृष्टीनं त्यांची मुलगी बाळाबाईच होती. पस्तीस वर्षं ही गोष्ट कुणाला अडली नाही. लेकीच्या पासपोर्टात आईचं नाव सुमनच आहे, कारण तो काढताना शाळेचा दाखला लावला होता.

इथं दोन वाटा होत्या. एक प्रतिज्ञापत्राची. बाळाबाई आणि सुमन या एकच, असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करायचं, सोबत लेकीच्या पासपोर्टचं शेवटचं पान जोडायचं, आणि अर्जात दोन ओळींचा खुलासा द्यायचा. कॅनडाच्या नियमात जन्मदाखला 'किंवा पालक म्हणून नाव असलेला अन्य शासकीय कागद' चालतो, त्यामुळं ही वाट कमकुवत नव्हती. दुसरी वाट मूळ नोंदच दुरुस्त करून घेण्याची.

आण्णांनी दुसरी धरली. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला चुकीची नोंद दुरुस्त करता येते, आणि खेडेगावात निबंधक म्हणजे ग्रामसेवक. ग्रामसेवकाकडे दोन गावांचा कारभार, ठरावीक वारीच भेटणार. त्यात दिवाळी आली. काकूंचा चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, त्यावर बाळाबाई. लग्नपत्रिका एका मामांच्या ट्रंकेत सापडली. त्यात 'चि. सौ. कां. बाळाबाई' आणि वराच्या जागी आण्णांचं पूर्ण नाव. गावातल्या दोन वयस्कर माणसांची प्रतिज्ञापत्रं झाली. डिसेंबरच्या शेवटी ग्रामसेवकानं जुनं रजिस्टर काढलं. मूळ नोंद खोडत नाहीत. 'बाळाबाई' तशीच राहिली आणि शेजारी समासात दुरुस्ती लिहून त्यानं सही-तारीख घातली. नवा दाखला 'सुमन' नावानं मिळाला.

या दुरुस्तीत जवळजवळ दोन महिने गेले. ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. पुढं कधी कायम रहिवासाचा अर्ज करायची वेळ आली तर हाच दाखला पुन्हा लागणार आहे. पण फेब्रुवारी गाठायचा होता, तर प्रतिज्ञापत्रावर अर्ज टाकून दुरुस्ती मागून चालू ठेवता आली असती.

मिळकत कुणाची

निमंत्रण मुलीनंच द्यावं लागतं. जावई एकटा सासू-सासऱ्यांना सुपर व्हिसावर बोलावू शकत नाही. कुटुंबात किती माणसं आहेत त्यावर किमान मिळकत ठरते, आणि त्या मोजणीत येणारे आईवडीलही धरतात. लेकीचं २०२२ चं करनिर्धारण पत्र काढलं तर आकडा कमी पडत होता, कारण त्या वर्षी ती सहा महिने पुन्हा शिकत होती. आणि जानेवारीपासून तिची बाळंतपणाची रजा सुरू होणार होती.

मार्ग नियमातच होता. मुलीच्या जोडीदाराला निमंत्रणपत्रावर सहसही करता येते आणि मग दोघांची मिळकत एकत्र धरतात. जावयानं सही केली, त्याचं करनिर्धारण पत्र आणि मालकाचं पत्र जोडलं. मोजणी पाच माणसांची होत होती. अर्ज जानेवारीत गेला, बाळ फेब्रुवारीत येणार होतं, म्हणून त्यांनी पत्रात सहा माणसं धरली आणि तसं का धरलं ते लिहिलंही. सहाच्या आकड्यालाही मिळकत पुरत होती. मग कमी दाखवून शंकेला जागा कशाला द्यायची?

इकडच्या बाजूनं परत येण्याची कारणं दाखवायची होती. एकुलती लेक तिकडंच असल्यावर अधिकारी हा प्रश्न विचारणारच. घरफाळ्याची पावती, सातबारा, साखर कारखान्याच्या सभासदत्वाचा कागद, पेन्शनचं बँक पासबुक लावलं. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडलं. सातबाऱ्यावरचं हेक्टर-आरमधलं क्षेत्र भाषांतरात नीट उलगडून दिलं. एवढ्यासाठी कुणी फाइल परत करत नाही, पण वाचणाऱ्याला थांबावं लागू नये.

विमा

विम्यावर घरात सर्वांत कमी बोलणं झालं आणि पैसा सर्वांत जास्त इथंच गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणं विमा कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा, म्हणून तो लेकीनं तिकडून घेतला. २८ जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो, मात्र तिथल्या वित्तीय नियामकाची मान्यता असलेल्याच. नुसतं कोटेशन जोडून भागत नाही. हप्ता भरल्याचा पुरावा लागतो, निदान पहिला हप्ता आणि हप्त्यांची सोय ठरल्याचा.

खरी गोम आधीच्या आजारांच्या कलमात होती. आण्णांची साखर 'स्थिर' असेल तरच त्यातून उद्भवलेला खर्च कंपनी देणार. स्थिर म्हणजे विमा सुरू होण्याच्या तारखेआधीच्या १८० दिवसांत औषधात बदल नाही. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला होता. डोस कमी झाला असता तरी तो बदलच धरला असता. यावर लोक फसतात. 'साखर कंट्रोलमध्ये आहे' हे डॉक्टरांच्या खोलीतलं वाक्य, विमा कंपनीच्या कागदात त्याला किंमत नाही.

मार्चची तारीख धरून विमा घेतला तर साखरेशी संबंधित काहीही कव्हर नव्हतं. ९० दिवसांच्या अटीची पॉलिसी होती, पण हप्ता बराच जास्त. त्यांनी १८० ची घेतली आणि जोखीम पत्करली. डोसबद्दल कंपनीला खरं सांगितलं. विमा सुरू होण्याआधी तारीख पुढं ढकलता येते आणि व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळतो, या दोन गोष्टी मात्र लेकीनं लेखी घेतल्या. ते पुढं फार कामी आलं.

पुण्यातला एक्स-रे

जानेवारीच्या शेवटी अर्ज ऑनलाइन गेला. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोसाठी माणशी ८५, कुटुंबाला मिळून १७०. ठसे देण्याचं केंद्र कोल्हापुरात नाही, पुण्याला जावं लागतं. वैद्यकीय तपासणीही त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरकडे, तीही पुण्यात. काकूंचं सगळं एका दिवसात पार पडलं.

आण्णांच्या छातीच्या एक्स-रेत उजवीकडे वरच्या बाजूला डाग दिसला. हयातभर फाउंड्रीत वाळूच्या धुळीत काम केलेल्या माणसाच्या छातीत डाग दिसणं यात नवल काहीच नाही. शिरोलीत असे कितीतरी निघतील. आण्णांना टीबी कधीच झाला नव्हता. पण एक्स-रे वाचणाऱ्याला डाग दिसतो, त्याचं कारण दिसत नाही. भारतातून जाणाऱ्याच्या फुप्फुसात वर डाग दिसला की पहिली शंका टीबीचीच घेतात. लागोपाठ तीन दिवस सकाळी थुंकीचे नमुने द्यायचे. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी लगेच होते, पण कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढतात का ते पाहायला, सहा ते आठ आठवडे लागतात, आणि त्याचा निकाल आल्याशिवाय डॉक्टर अहवाल पाठवत नाहीत.

तीन दिवस कात्रजला भाचीकडे मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी लेक बाळंत झाली. फोन आला तेव्हा आण्णा नमुना देऊन रिक्षात बसले होते.

फाउंड्रीत कामगारांची दर वर्षी तपासणी व्हायची. तिथले पाच-सहा वर्षांपूर्वीचे एक्स-रे आण्णांच्या कपाटावर गुंडाळून पडले होते. ते नेऊन दाखवले तेव्हा डॉक्टरांनी पाहिले, डाग जुनाच आणि वाढलेला नाही असं टिपून घेतलं. कल्चर मात्र टळलं नाही. नियम तसाच आहे.

निकाल

एप्रिलच्या अखेरीस कल्चर निगेटिव्ह आलं. मे महिन्यात व्हिसा लावण्यासाठी पासपोर्ट मागवण्याचं पत्र आलं. विम्याची तारीख मार्चवरून जूनवर नेली, आणि नोव्हेंबरच्या डोस-बदलाला तोवर १८० दिवस उलटून गेले होते. त्यामुळं साखरही आपोआप कव्हरमध्ये आली. जो उशीर सगळ्यांना खुपत होता, त्यानं एवढं एक काम केलं.

निघण्याआधी आण्णांनी पुतण्याच्या नावे मुखत्यारपत्र केलं. शेती पाहणं, ऊस घालणं, वीजबिल भरणं, एवढ्यापुरतंच. विक्री आणि गहाणाचा अधिकार स्पष्ट वगळला. पुतण्या भला आहे. "पण कागद भल्यासाठी करत न्हाईत," असं आण्णा म्हणाले. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न बघता जूनमध्येच दिला. ईपीएसमध्ये तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. भारतातलं सिम चालू ठेवून त्यावर रोमिंग घेतलं, कारण बँकेचा आणि आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. हा मुद्दा जावयाच्या लक्षात आला. त्याच्या एका मित्राच्या आईवडिलांचा नंबर तीन महिन्यांत बंद पडून सगळं खातं अडकलं होतं. गोळ्या नव्वद दिवसांपुरत्या घेतल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

जूनच्या मध्याला ते टोरांटोला उतरले. तिथल्या अधिकाऱ्याला निमंत्रणपत्र आणि विम्याचा कागद दाखवला, आणि मुक्कामाची मुदत कोणती ते विचारून घेतलं. हे विचारणं लाजेचं नाही. सुपर व्हिसा असूनही नुसता शिक्का बसला आणि तारीख लिहिली नाही, तर पुढं सहा महिने धरायचे की पाच वर्षं यावर वाद नको. बाळ तेव्हा चार महिन्यांचं झालं होतं. बाळंतपण जावयाच्या आईनं केलं. त्या नागपूरहून व्हिजिटर व्हिसावर, एकट्या, जानेवारीत पोहोचल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिसा चुकीचा निवडला होता असं नाही. दोन-तीन वर्षं राहायचं तर सुपर व्हिसाच योग्य. पण फेब्रुवारी गाठायला तो उपयोगाचा नव्हता, आणि दोघांची एकत्र फाइल तर त्याहून नाही. काकूंची तपासणी एका दिवसात निर्मळ निघाली होती. अडकलेला एक्स-रे आण्णांचा. एकत्र गेलेल्या फाइली एकत्रच सुटतात, त्यामुळं काकूही थांबल्या. सप्टेंबरातच काकूंचा एकटीचा व्हिजिटर व्हिसा टाकला असता तर तपासणी नाही, विम्याची अट नाही, आणि अर्ज चार महिने आधी गेला असता. तो मिळालाच असता असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. त्या हिवाळ्यात तर नाहीच. पण जावयाच्या आईला मिळाला. विमानाच्या धास्तीवर व्हीलचेअरची सोय मागून घेणं हा साधा उपाय असतो. ती मुळात चालायला अडचण असणाऱ्यांसाठी असते, पण नवखी वयस्कर माणसंही ती मागतात. सोबतीचा माणूस विमानाच्या दारापासून इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेरपर्यंत नेतो. हे काकूंना कुणी सांगितलंच नाही. चहाचा प्रश्न पुतण्याच्या बायकोनं सोडवला असता.

आण्णांची छाती आधी कोल्हापुरातच तपासून घेता आली असती. तो एक्स-रे व्हिसासाठी चालत नाही, पण डाग आहे हे ऑक्टोबरातच कळलं असतं, आणि दोघांची फाइल एकत्र ठेवायची की वेगळी, हा निर्णय माहिती हातात असताना झाला असता. फाउंड्री, खडी क्रशर, गूळ गुऱ्हाळाची चूल, सूतगिरणी, कुठंही धुळीधुरात ज्यांची वर्षं गेली, त्यांच्या बाबतीत तर मी हे सगळ्यात आधी सुचवतो.

काकूंच्या पासपोर्टचा प्रश्न अजून उभा आहे. आण्णांना व्हिसा मिळाला तो २०३३ पर्यंत, काकूंना २०२८ पर्यंत, कारण त्यांचा पासपोर्ट तेवढाच. आण्णांच्या नूतनीकरणाच्या वेळी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. २०२७ मध्ये काकूंना पासपोर्ट नवा करून सुपर व्हिसाचा अर्ज पुन्हा करावा लागेल. पुन्हा निमंत्रणपत्र, पुन्हा मिळकत, पुन्हा विमा, पुन्हा तपासणी. जन्मदाखला आता 'सुमन' नावानं तयार आहे. बोटांचे ठसे दहा वर्षं चालतात, म्हणजे २०३४ पर्यंत, तेव्हा पुण्याची ती एक फेरी तरी वाचेल.